कोठारांची साखळी कशी बांधावी?

(कोरडवाहू भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी केलेले भाषण)



काल दुपारी महाबळेश्वर सोडून आपल्या गाड्या आंबेनळी घाट उतरू लागल्या, तेव्हा मागच्या बाकावरून एका भावाने विचारले, "साहेब, इकडे ना पऱ्हाटी, ना ज्वारी. भाताची खाचरे आणि नाचणीचे डोंगर. आम्हाला इतक्या लांब कशासाठी आणले?"

प्रश्न रास्त आहे. कापूस शिकायला कोणी पोलादपूरला येत नाही. पण आपण इथे पीक शिकायला आलेलो नाही, साठवण शिकायला आलो आहोत. रस्ता तुटला, पूर आला, तर माल कुठे असावा आणि कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न या मुलखाला दर पावसाळ्यात पडतो. आपल्याकडे तोच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो, म्हणून आपल्याला तो ओळखू येत नाही. इथे तो उघड्या डोळ्यांना दिसतो.

इथे काय घडले?

आधी या भागाची हकीकत ऐका. सावित्री नदी महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि आणखी वाहने माणसांसह वाहून गेली. इंग्रजांच्या काळातला पूल, त्यावरून रोज शेकडो वाहने जात होती. आदल्या दिवसापर्यंत कोणालाही तो धोक्याचा वाटला नसेल.

पाच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, २२ तारखेच्या आसपास महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्यातल्या कित्येकांच्या तालुक्यात अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो जवळपास तेवढा, एका दिवसात! महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीला तेच झाले. महाड शहरात बाजारपेठ पाण्याखाली गेली. हा आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला आणि बंद पडला. भोरकडे जाणारा वरंधा घाटही बंद झाला.

आता शेतकऱ्याच्या नजरेने याचा हिशेब मांडा. तालुक्याचे सगळे धान्य महाडच्या बाजारपेठेत असते तर? ते भिजले. सगळे धान्य घाटमाथ्यावर असते तर? ते कोरडे राहिले, पण खाली पोचले नाही. प्रत्येक वाडीत थोडे थोडे असते तर? ज्या वाडीवर दरड आली तिचे गेले, बाकीच्यांचे राहिले आणि शेजारच्या वाडीला देताही आले. म्हणजे साठवणीचा पहिला नियम पुस्तकात शोधायला नको, या डोंगरात लिहिला आहे : एकाच संकटाच्या वाटेवर सगळा माल ठेवू नये.

आणि दुसरा नियम : रस्ता जितके दिवस बंद राहू शकतो, तितके दिवस प्रत्येक कोठाराने आपल्या पायावर उभे राहिले पाहिजे. सरकारलाही हे ठाऊक आहे. आदिवासी जिल्ह्यांत १९९५ पासून नवसंजीवन योजनेखाली पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांना धान्य पावसाच्या आधीच पोचवून ठेवायचे, अशी पद्धत आहे. ती कुठे नीट चालते, कुठे कागदावर राहते, तो वेगळा विषय. पण विचार बरोबर आहे.

गडांची कोठारे

काल वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागला. १६५६ साली जावळी स्वराज्यात आली आणि त्यानंतर हा गड बांधला गेला. इथून महाडच्या पलीकडे रायगड. गडाचा विचार आपण तोफा-तलवारींनी करतो. पण गड टिकतो तो दाणा आणि पाणी यांवर. पन्हाळ्यावर जाऊन पाहा, एकाच गडावर गंगा, यमुना, सरस्वती अशा अंबरखान्याच्या तीन वेगवेगळ्या इमारती आहेत. एका कोठाराला आग लागली, कीड लागली, तर दुसरे उरावे, हा फायदा आपण समजून घ्यावा.

चिपळूणजवळ दळवटण्याच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, असे सांगणारे ते पत्र म्हणून आपण त्याला ओळखतो. पण ते पत्र साठवणीचेही आहे. पावसाळ्यासाठी केलेला दाणा-वैरणीचा साठा आत्ताच बेहिशेबी उडवला, तर ऐन पावसात मिळणार नाही आणि मग तुम्ही रयतेला उपद्रव द्याल, हा त्याचा गाभा. उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेली तर गवताला आग लागेल, इथपर्यंत बारकाई त्यात आहे. राज्य करणारा माणूस उंदराचा आणि वातीचा विचार करतो. आपण आपल्या घामाच्या मालाचा तितका विचार करतो का?

आपल्याकडची दरड

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याकडे घाट नाही, दरड नाही. मग आपला रस्ता बंद होत नाही का? होतो. फक्त तो पावसाने बंद होत नाही, पैशाने बंद होतो. कापसाचा पहिला वेचा घरात आला की दुकानदाराची उधारी, मजुरांचे पैसे, सोसायटीचा हप्ता, पोरीचे लग्न, सगळे एकदम दारात उभे. रब्बी ज्वारीचे खळे झाले की तीच कथा. सगळा जिल्हा एकाच पंधरवड्यात गाड्या भरून बाजारात. भाव कोसळतो. आपली दरड ही अशी कोसळते, दरसाल, ठरल्या वेळी. आणि आपण दरसाल तिच्याच खाली जाऊन उभे राहतो.

मग कोणी म्हणेल, माल घरात ठेवा, भाव आला की विका. इतके सोपे असते तर या भाषणाची गरज नव्हती. कापसाचे ताजे उदाहरण घ्या. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी कापूस रचून ठेवला गेला. माणसे ओसरीत झोपली, खोल्यांत कापूस. अंगाला खाज सुटली, पोरांना पुरळ आले. आणि २०२३ च्या उन्हाळ्यात भाव सात हजारांच्या आसपास आला. ज्यांनी सुरुवातीला विकला ते वाचले, ज्यांनी धरून ठेवला ते बुडाले.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. साठवण म्हणजे भावाची हमी नव्हे. साठवण म्हणजे वेळ विकत घेणे. त्या वेळेची किंमत किती आणि ती परवडते का, हा हिशेब ज्याने केला नाही, त्याने कोठार बांधले काय आणि न बांधले काय, सारखेच.

तो हिशेब बोटावर करून पाहू. समजा ज्वारीचा भाव क्विंटलला ३,००० रुपये आहे. तारणावर ७५ टक्के, म्हणजे २,२५० रुपये उचलले. व्याज सालाचे ६ टक्के धरले, तर सहा महिन्यांचे साडेसदुसष्ट रुपये. भाडे महिन्याला १० रुपये धरले तर ६०. चढ-उतार हमाली ३०. वजनातली घट एक टक्का धरली तर आणखी ३०. बेरीज होते १८७ रुपये ५० पैसे. म्हणजे सहा महिन्यांत भाव किमान १९० रुपयांनी वाढला नाही, तर साठवण तोट्यात. आकडे तुमच्या तालुक्याचे घाला, पण बेरीज केल्याशिवाय एक पोतेही ठेवू नका. आणि ठेवले तरी सगळे एका दिवशी विकू नका. तीन भाग करा, तीन वेळा विका. चुकलात तर एक भाग चुकेल.

आमची चूक

आता आमची स्वतःची चूक सांगतो, कारण दुसऱ्याच्या चुका सांगणे सोपे असते.

काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ गावांची ज्वारी एकत्र साठवायचे ठरवले. तालुक्याला एक मोठे गोदाम स्वस्तात भाड्याने मिळाले. एक गोदाम, एक चौकीदार, एक वही, किती सोपे! पहिले वर्ष छान गेले, सगळे खूष. दुसऱ्या वर्षी जुलैत एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला. गोदामाच्या मागून नाला जात होता. त्याचे पाणी आत दोन हात चढले. थप्प्यांच्या खालच्या रांगा भिजल्या. चार दिवसांत धान्य तापले, बुरशी धरली.

खरे भांडण त्यानंतर सुरू झाले. भिजलेली पोती कोणत्या गावाची? आम्ही पोती आली तशी रचली होती. कोणत्या गावाची थप्पी कुठे, वहीत लिहिलेच नव्हते. प्रत्येक जण म्हणे, आमची वरची होती. ज्वारीची भरपाई कशीबशी वाटून घेतली, पण नऊतली दोन गावे कायमची तुटली. शेतीच्या पदवीसाठी धान्यातल्या ओलाव्याचे आकडे आम्ही पाठ केले होते. गोदामामागच्या नाल्याला पूर कुठवर येतो, हे शेजारच्या म्हातारीला विचारावे, हे मात्र आम्हाला सुचले नाही.

ही चूक आमची एकट्याची नाही. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खणलेली हळदीची पेवे पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. हवा नाही, कीड नाही, हळद वर्षानुवर्षे टिकायची. पण ती सगळी कृष्णेच्या काठी, एकाच जागी. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि हळद गेली. पेव वाईट नव्हते. सगळी पेवे एकाच पाण्याच्या वाटेवर होती, हे वाईट होते.

साखळी कशी असावी?

आता मुद्द्याचे. दहा-पंधरा गावांचा गट मिळून साठवण करायची तर ती तीन पायऱ्यांची असावी.

पहिली पायरी घर. खायचे धान्य आणि बियाणे घरातच. कणगी असो, पत्र्याची कोठी असो. ज्वारी चांगली वाळलेली पाहिजे, ओलावा १२ टक्क्यांच्या आत. दाताखाली दाणा कडक तुटला पाहिजे. सोंडे लागतात ते ओल्या दाण्याला आधी. आणि एक कळकळीची विनंती : राहत्या घरात धुरीच्या विषारी गोळ्या ठेवू नका. त्यातून निघणारा वायू माणसे मारतो. ते काम गोदामात, माहितगार माणसाने, दारे बंद करून करायचे.

दुसरी पायरी गावाचे किंवा तीन-चार गावांचे लहान गोदाम. इथे विकायचा माल यावा. जागा किती लागते? पोत्यात भरलेली १०० क्विंटल ज्वारी, भिंतीपासून अंतर आणि मधल्या वाटा धरून, साधारण दहा-अकरा फूट लांब-रुंद जागेत बसते. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून दोन फूट सुटे, प्रत्येक थप्पीवर गावाचे नाव आणि आल्याची तारीख. आधी आले ते आधी बाहेर.

तिसरी पायरी तालुक्याचे किंवा बाजाराचे मोठे गोदाम. तिथे बँक येते, व्यापारी येतो, मोठा ट्रक लागतो. राज्य वखार महामंडळ १९५७ पासून आहे, बाजार समित्यांची गोदामे आहेत. जिथे चांगले गोदाम उभे आहे तिथे आपण नवे बांधायचे नाही, भाड्याने घ्यायचे. सिमेंटवर पैसा घालण्याची हौस आपल्याला परवडणारी नाही. केंद्र सरकारने २०२३ च्या मे महिन्यात सहकारी सोसायट्यांमार्फत पाच वर्षांत ७०० लाख टन साठवण उभी करण्याची योजना मंजूर केली. पहिल्या अकरा सोसायट्यांत आपल्या अमरावती जिल्ह्यातली नेरपिंगळाईची सोसायटी आहे. जवळच्यांनी जाऊन पाहून या, तिथे माल कोणाचा येतो, भाडे किती, पावतीवर कर्ज मिळते का, हे विचारून या. इमारत पाहून परत येऊ नका.

कापसाचे गणित निराळे आहे. कापूस फुगीर. १०० क्विंटल ज्वारीला लागते त्याच्या पाच-सहा पट जागा तेवढ्याच वजनाच्या कापसाला लागते. त्यात आगीची भीती. एक विडी पुरते. म्हणून कापूस गावोगाव महिनोन्‌महिने साठवण्यात अर्थ नाही. गावात तो थोडे दिवस ठेवावा, कोरडा, पहिला वेचा वेगळा, कवडी वेगळी. मग जवळच्या जिनिंगला गटाने नेऊन रुई आणि सरकी वेगळी करावी. १०० क्विंटल कापसाची साधारण ३४ क्विंटल रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या २० गाठी. खोल्या भरणारा कापूस एका कोपऱ्यात मावला! गाठ टिकते, मोजता येते, तारण ठेवता येते. सरकी मात्र लवकर विकावी, ती तापते. हे एकट्या शेतकऱ्याला जमणार नाही, गटालाच जमेल. म्हणजे ज्वारीची साखळी गोदामांची, तर कापसाची साखळी जिनिंगपासून सुरू होते.

किती जागा असाव्यात? इथे दोन्हीकडे ओढ आहे. जागा कमी, तर धोका एकवटतो. जागा फार, तर दहा गोदामांना दहा चौकीदार, दहा वह्या, दहा भाडी, आणि नफा त्यातच जातो. आमचा अंदाज असा की कोणत्याही एका जागी गटाच्या मालाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल नसावा, आणि त्या जागा एकाच नाल्याच्या किंवा एकाच पुलाच्या भरवशावर नसाव्यात. तीन-चार जागा पुष्कळ झाल्या.

साखळीची कडी कोणती?

या तीन-चार जागांना जोडते काय? पहिले उत्तर येते, रस्ता. आंबेनळीने शिकवले की रस्ता तुटतो. खरी कडी आहे पावती.

माल मालुंज्याच्या असो की माळावरच्या गोदामात, पावती खरी असेल तर त्यावर तालुक्याला पैसे उचलता आले पाहिजेत. माल हलत नाही, पावती हलते. हे आज स्वप्न नाही. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांची मुदत, व्याज ६ टक्के. कोणत्या पिकाला किती, ते आपल्या समितीत विचारा. समिती नाही म्हणाली तर का नाही, ते लेखी मागा. दुसरे, वखारींचा कायदा २००७ साली झाला, त्याचे प्राधिकरण २०१० साली आले. त्यांच्याकडे नोंदलेल्या गोदामाची पावती हस्तांतर करता येते, ती आता संगणकावर निघते.

पण पावती खरी कधी? जेव्हा सगळ्या जागी वजन एकाच काट्याच्या हिशेबाने होते, ओलावा एकाच यंत्राने मोजला जातो, प्रत एकाच पद्धतीने ठरते आणि वही एकसारखी लिहिली जाते. एका गावाने पाच क्विंटल वाढवून लिहिले, की सगळ्या गावांची पावती खोटी ठरते. बँक पुन्हा दारात उभी करत नाही. शिस्तीशिवाय साखळी नाही, आणि ही शिस्त सरकार लावणार नाही, आपल्याच गावच्या माणसाला आपल्याच गावच्या माणसाला "हे पोते ओले आहे, परत ने" म्हणावे लागेल. हेच सर्वांत अवघड काम आहे. नऊ गावांच्या वेळी आम्हाला ते म्हणता आले नव्हते.

पुढच्या बैठकीआधी

घरी गेल्यावर एवढे करा. प्रत्येक गटाने एका कागदावर आपल्या गावांचा नकाशा काढावा. नदी-नाले, पूल, पावसात बंद पडणारे रस्ते, जिनिंग, असलेली गोदामे त्यात दाखवावीत. प्रत्येक जागेपुढे चार उत्तरे लिहावीत : पुराचे पाणी आजवर कुठपर्यंत आले? रस्ता जास्तीत जास्त किती दिवस बंद होता? किल्ली कोणाकडे? वही कोण लिहिणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. वहीचे काम शक्यतो बायांकडे द्या. घरातल्या कणगीचा तळ किती वर आला आहे, हे आपल्या घरात त्यांनाच ठाऊक असते. आणि किल्ली व वही एकाच माणसाकडे देऊ नका, मग तो माणूस कितीही भला असो.

पहिल्या वर्षी सगळा माल नको. प्रत्येकाने पाच पोती, दहा पोती आणावीत. साखळी लहान असताना तुटली तर जोडता येते.

उद्या सकाळी आपण पुन्हा हाच घाट चढून जाणार आहोत. दरडीच्या जागा दिसतील, नव्याने बांधलेल्या भिंती दिसतील. तिथे गाडी हळू होईल तेव्हा खिडकीतून बाहेर पाहा आणि मनात विचारा : आमच्या मालाच्या वाटेवर अशी जागा कोणती, आणि ती खचली तर आमच्याकडे दुसरी वाट आहे का? ज्या गटाकडे या प्रश्नाचे उत्तर असेल, त्याला खळ्यावर माल टाकून हात जोडावे लागणार नाहीत.

एवढे बोलून आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.